निळ्या दोऱ्याची नळी

सरांच्या पंचाहत्तरीच्या गौरव अंकात माझा लेख आहे. दीड पानाचा. त्यात सर शिस्तीचे आहेत, विद्यार्थ्यांसाठी जीव टाकणारे आहेत आणि शेवटी मी त्यांना दीर्घायुष्य चिंतलं आहे. त्या लेखात खोटं एकही वाक्य नाही. पण खोटं न बोलता काय काय झाकता येतं, हे मला फार चांगलं जमतं आणि ते मी त्यांच्याच प्रयोगशाळेत शिकलो. म्हणून हा दुसरा लेख.

सांगलीच्या एका कॉलेजात दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, सरांची प्रयोगशाळा होती. मी तिथं पीएचडीसाठी पाच वर्षं काढली. आत शिरताना पहिल्यांदा दिसायचं ते फ्रिजचं कुलूप. किल्ली सरांच्या गळ्यात, बनियनच्या आत. आम्ही धुतलेली काचेची भांडी सर पुन्हा धुवायचे आणि स्वतः धुतलेली उन्हात धरून तिरपी करून बघायचे. ‘स्वच्छ दिसतंय म्हणजे काहीतरी दिसत नाहीये,’ असं पुटपुटत तिसऱ्यांदा धुवायचे.

‘कोणी पाहिलं?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न. महाबळेश्वरला काल धो धो झाला म्हणून कोणी सांगत आलं, की ‘कोणी पाहिलं?’ प्राचार्य रजेवर आहेत, ‘कोणी पाहिलं?’ एकदा स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यानं मुलगा झाल्याचे पेढे आणले, तर सवयीनं तोच प्रश्न तोंडातून गेला. सगळे हसले. सर ओशाळले, पेढा घेतला आणि तो कधीचा आहे ते विचारलं.

त्यांचं बालपण कोयनानगरच्या वसाहतीत गेलं होतं. स्टाफरूममधले लोक म्हणायचे, ज्याच्या पायाखालची जमीन कोयनेच्या भूकंपात हलली तो माणूस भिंतीला टेकून कसा बसेल? खरंच ते कधी टेकून बसत नसत. खुर्चीवर बसण्याआधी ती दोन्ही हातांनी दाबून बघत. कोणी त्याचं कारण विचारलं तर म्हणत, ‘खुर्चीला विचारा.’

आमचं काम सोन्याच्या कणांवर होतं. हे कण इतके बारीक की सोनं पिवळं दिसायचंच सोडून देतं. बाटलीत दिसतं ते डाळिंबाच्या रसासारखं लाल पाणी. औषध या कणांच्या पाठीवर लादून रक्तात सोडायचं आणि दुखऱ्या जागी पोचवायचं, अशी कल्पना. जगभर माणसं त्यावर काम करत होती आणि सरांना त्या सगळ्यांचा संशय होता. एकदा विट्याकडचे एक गलाईवाले, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करणारे गृहस्थ, मुलाच्या प्रवेशासाठी आले होते. त्यांना ती बाटली दाखवली. त्यांनी ती हलवली, वास घेतला आणि म्हणाले, ‘सर, चाळीस वर्सं सोनं गाळतोय. हे सोनं आसंल तर म्या गलाईवाला न्हाई.’ सर इतके खूश झाले की त्यांना स्वतः जिन्यापर्यंत सोडायला गेले.

सरांचा संशय मात्र सोन्यावर नव्हता. तो होता रक्तावर. कण रक्तात गेला की एकटा राहत नाही. रक्तातली प्रथिनं लगेच येऊन त्याला चिकटतात आणि त्याच्या अंगावर त्यांचा एक थर बसतो. सर हे लग्नावरून समजावून द्यायचे. नवरदेव मांडवाच्या दारात उतरला की आधी त्याला घेरतात ते जे संख्येनं जास्त ते. गल्लीतली पोरं, बँडवाले, कोणाचे कोण. मग मामा येतो, आत्याचे यजमान येतात. ते बाकीच्यांना कोपरानं बाजूला सारून आत घुसतात आणि मग हलत नाहीत. ‘आता फोटोत नवरदेव कुठाय? मामाच दिसतोय. शरीराला आपण पाठवलेला कण दिसतच नाही. त्याच्याभोवती कोण उभं आहे तेवढंच दिसतं.’

आणि शरीराचे पहारेकरी, म्हणजे परकी वस्तू ओळखून गिळून टाकणाऱ्या पेशी, त्या कशा ओळखतात? हे समजावताना एकदा सर फळ्यापाशी अडखळले. तेव्हा मागं बाटल्या पुसत असलेले नाना बोलले.

बिरूनाना आमचे लॅब अटेंडंट. माण तालुक्यातले, मेंढ्या राखणाऱ्या घरातले. माझंही गाव तिकडचंच, म्हणून मी लॅबमध्ये आलो त्या दिवसापासून त्यांनी मला आपला मानलं होतं. दुपारी डबा उघडला की अर्धी चटणी माझ्याकडं सरकवायचे.

नाना म्हणाले, ‘आवं सर, मेंढरांच्या तळावरचं कुत्रं तोंड बघतंय व्हय? वळखीची घोंगडी पांघरून चोर आला तर शेपूट हालवतंय. आन् मालक मुंबईचं नवं जाकीट घालून आला की त्येच्याच अंगावर जातंय.’

‘कोणी पाहिलं?’

‘म्या. मलाच चावलंय की.’ नानांनी पँट वर करून पोटरीवरचा वण दाखवला. सर खडू खाली ठेवून वाकले आणि तो वण नीट बघितला. त्यानंतर प्रत्येक व्याख्यानात ते कुत्रं यायचं आणि सर सांगायचे, ‘आमच्या लॅबमधल्या एका निरीक्षकांचं हे निरीक्षण आहे.’ नाना तेव्हा दाराशी उभे असले तर मान खाली घालायचे. निरीक्षक हा शब्द त्यांनी घरी जाऊन सांगितला होता, हे मला ठाऊक आहे, कारण त्यांची मुलगी शाळेतून लॅबमध्ये आली की ‘निरीक्षक हायत का?’ असं विचारायची.

रक्त आम्ही तिघं द्यायचो: सर, मी आणि नाना. बाहेरून आणलेल्या बाटलीवर सरांचा भरवसा नव्हता. तिघांचं रक्त कधी एकत्र करायचं नाही, कारण प्रत्येकाचं रक्त कणाला आपापला कोट शिवतं. आणि रक्त उपाशीपोटीच द्यायचं. आदल्या रात्रीपासून बारा तास फक्त पाणी. खाल्लेल्या माणसाच्या रक्तात तेल-तूप उतरलेलं असतं, ते कणाला चिकटतं आणि मग पहारेकऱ्याला कण वेगळाच दिसतो. त्यासाठी एक वही होती. शेवटचं कधी जेवलो ते लिहून सही करायची. सही झाली की सर तोंडासमोर येऊन ‘हा कर’ म्हणायचे आणि वास घ्यायचे.

दवाखान्यातल्या सिस्टर रक्त काढून द्यायच्या. ते गोठलं की यंत्रात फिरवायचं आणि वर आलेलं पिवळसर पाणी काढून लहान नळ्यांत भरायचं. नळीवर नाव लिहायला सरांचा विरोध. शाई स्पिरिटनं पुसते, चिठ्ठी थंडीत सुटते. म्हणून दोरे. सरांचा लाल, माझा पांढरा, नानांचा निळा. ते बांधायचे सरांनी. दुसऱ्या कोणी नाही.

‘माणूस खोटं बोलतो, नळी बोलत नाही,’ असं ते दोरा बांधताना हमखास म्हणायचे. नानांना ते पाठ झालं होतं. मी येण्याच्या आधी एका मुलानं न धुतलेलं भांडं धुतलं म्हणून सांगितलं होतं. त्याला सरांनी त्याच दिवशी दुसऱ्या मार्गदर्शकाकडं पाठवलं. त्याचं पुढं काही झालं नाही. ही गोष्ट नानांनीच मला पहिल्या आठवड्यात सांगितली होती, डबा खाताना, सांभाळून राहा म्हणून.

आता तो दिवस.

गावाकडं जत्रा होती. मी गेलो होतो, पण दुसऱ्या दिवशी रक्त द्यायचं म्हणून जेवणाच्या पंगतीत बसलो नाही. आई चिडली. सकाळी निघताना तिनं डब्यात मटण-भाकरी घालून दिली, ‘सांगलीत जाऊन खा’ म्हणाली. एसटी विट्याला थांबली. शेजारचा माणूस उतरला, डबा मांडीवर होता, गरम होता. मी उघडला. दोन घास खाऊन बंद करू म्हणालो आणि सगळा संपवला. एवढंच झालं. यापेक्षा मोठं कारण मी पुष्कळ वर्षं शोधलं, पण नाही सापडलं.

लॅबमध्ये पोचलो तेव्हा सर घाईत होते. कण कालच तयार झालेले, आज नाही वापरले तर वाया. तपासणी समिती आलेली, प्राचार्यांचं बोलावणं. त्या गडबडीत ‘हा कर’ राहून गेलं. वही पुढं केली, मी काल दुपारची वेळ लिहून सही केली. माझा प्रबंध पाच-सहा महिन्यांवर आला होता. तोंड उघडावं असं वाटलं नाही, असं नाही. पण त्या पाठवून दिलेल्या मुलाची गोष्ट आठवली.

रक्त काढलं, गोठलं, यंत्र फिरलं. सर जाताना दोऱ्यांची डबी माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘तू बांध.’ पाच वर्षांत पहिल्यांदा.

मी यंत्राचं झाकण उघडलं. नानांचं पाणी स्वच्छ पिवळं. माझं ताकाच्या निवळीसारखं पांढुरकं. लहान मुलानंही ओळखलं असतं. नाना खाली समितीला चहा द्यायला गेले होते. मी माझं गढूळ पाणी नळीत भरलं आणि त्यावर निळा दोरा बांधला. नानांच्या नळीवर पांढरा. ताळा राहू नये म्हणून रक्ताच्या मूळच्या नळ्या जंतुनाशकात बुडवल्या.

सर आले. नळ्या खिडकीशी नेऊन एकेक उजेडात धरली. निळ्या दोऱ्याशी थांबले.

‘नाना, इकडं या. सकाळी काय खाल्लं?’

‘काय न्हाई सर. पानी पिलो.’

‘काल?’

‘सांच्याला भाकरी आन् आमटी. सहाला. वहीत हाय.’

‘ही नळी बघा. ही उपाशी माणसाची आहे?’

नानांनी शेकड्यांनी नळ्या पाहिल्या होत्या. त्यांनी ती हातात घेतली, फिरवली. ‘न्हाई,’ ते म्हणाले. ‘ही खाल्ल्याल्या मान्साची हाय.’ आणि मग, ‘पर म्या खाल्लं न्हाई.’

‘दोन्ही खरं कसं असेल?’

नाना माझ्याकडं वळले. त्यांच्या नजरेत संशय नव्हता. शिकलेल्या माणसाकडून उत्तर मिळेल अशी आशा होती. ‘गड्या, तू सांग की. आसं हुतं का?’

मी म्हणालो, ‘नाना, आठवून बघा.’

हे वाक्य मी उच्चारलं आहे. दोरा बदलला ती भीती होती. हे वाक्य मात्र भीतीचं नव्हतं.

सोमवारपासून नाना मुख्य दरवाज्यावर बसायला लागले. सरांनी आरडाओरडा केला नाही, बदलीचा कागद केला. कँटीनमध्ये चेष्टा सुरू झाली, ‘काय नाना, आज उपास का?’ नाना हसायचे. मी दरवाज्यातून आत शिरताना ते उठून उभे राहायचे आणि मला ते नको असायचं, म्हणून मी मागच्या फाटकानं जायला लागलो. माझ्या प्रबंधात एक ओळ आहे: एक नमुना दात्यानं उपवास न पाळल्यामुळे वगळला. खरी ओळ आहे. परीक्षकांनी तिच्याकडं बघितलंही नाही. पुढं मला साताऱ्याच्या कॉलेजात नोकरी लागली. नाना निवृत्त होऊन गावी गेले. सरही साताऱ्याला स्थायिक झाले, आणि आमचं येणंजाणं राहिलं.

गेल्या वर्षी गौरव अंकाचा लेख घेऊन मी त्यांच्याकडं गेलो. गॅलरीतून अजिंक्यतारा दिसतो. सरांनी चष्मा पुसला, लेख वाचला, पेन्सिलीनं दोन काने-मात्रे दुरुस्त केले. मग पानं जुळवून म्हणाले, ‘यात एक दिवस कमी आहे.’

‘कुठला, सर?’

‘तुला माहीत आहे.’

मी सांगितलं. एसटी, डबा, दोरे, आठवून बघा, सगळं. सोळा वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं ऐकलं मी ते. संपल्यावर सर म्हणाले, ‘मला पुढच्याच आठवड्यात कळलं होतं.’

संशयित नळी फेकून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी ती वापरून पाहिली होती. त्या कणांना पेशींनी जवळजवळ हातच लावला नव्हता. मग तिन्ही नळ्यांतल्या कणांवरची प्रथिनं सोडवून जेलीच्या पातळ थरावर वीज लावून पळवली. तिथं प्रत्येकाच्या पट्ट्या थोड्या निराळ्या उमटतात. नानांच्या रक्ताची एक जाड पट्टी दरवेळी एका जागी यायची. त्या दिवशी ती पांढऱ्या दोऱ्याखाली आली होती.

‘मग तुम्ही बोलला का नाहीत?’

‘तू येऊन सांगतोस का, ते बघत होतो.’

‘सोळा वर्षं?’

‘पहिलं वर्ष बघत होतो,’ सर म्हणाले. ‘तोवर नानांना परत बोलवायचं तर आधी मलाच कबूल करावं लागलं असतं, की वर्षभर माहीत असून गप्प बसलो. मग मीही मागच्या फाटकानं जायला लागलो.’

म्हणजे ते फाटकही त्यांनी पाहिलं होतं. मला त्या क्षणी त्यांचा राग आला, आणि राग आला याचं बरंही वाटलं. ते बरं वाटणं किती स्वस्तातलं आहे हे कळायला घरी पोचेपर्यंतचा वेळ लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. गाडी काढ म्हणाले.

दहिवडीच्या पुढं रस्ता उजाड होत जातो. सर मागच्या सीटवर होते. नाना घरापुढच्या लिंबाखाली शेरडांना पाला टाकत होते. सरांना बघून लगबगीनं खाट झटकली. मी उभ्याउभ्याच सांगितलं, बसलो असतो तर जमलं नसतं.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘म्हंजी ते पांढरं पानी तुजं?’

‘हो नाना.’

‘आन् माजं?’

‘चांगलं होतं. स्वच्छ.’

ते खाली बसले. खाटेवर नाही, जमिनीवर. पाल्याची काडी मोडत राहिले. ‘तू म्हनलास आठवून बघ. म्या लय आठवलं. खाल्लं तर न्हवतं. आन् सर म्हनायचं, मानूस खोटं बोलतो, नळी बोलत न्हाई. मंग मला वाटलं, खोट आपल्या रगतातच हाय. कायतरी नासलंय.’

सर काही बोलायला गेले. नानांनी हात वर केला.

‘लेकीचं बाळंतपन लय आवघड गेलं. डॉक्टर म्हनलं रगात द्या, जवळचं कोन हाय? माजं जुळत हुतं, समद्यांस्नी ठावं हुतं, इतकी वर्सं देत हुतो की. म्या भित्तीला जाऊन हुबा ऱ्हायलो. नासकं रगात लेकीला कसं द्यायाचं? दिरानं दिलं तिच्या. वाचली. पर तिनं बघिटलं हुतं मला, भित्तीला.’

‘तिला कारण सांगितलं नाही?’ मी विचारलं.

‘काय सांगू? बापाचं रगात नासकं हाय म्हनून? तिला वाटलं म्या भ्यालो. चार वर्सं झाली, दिवाळीला येत न्हाई. फोन करती. खुशाली इच्यारती आन् ठिवती.’

सर म्हणाले, ‘नाना, मला बोलू द्या तिच्याशी. चूक माझी जास्त आहे.’

नानांनी कमरेचा मोबाईल काढला, नंबर लावला आणि सरांच्या पुढं आलेल्या हाताला वळसा घालून माझ्याकडं दिला. ‘ह्यो सांगंल.’

मी सुरुवात केली ती कणांपासून. रक्तातला थर, उपास, दोरे. मग ती म्हणाली, ‘आवं, मला ते काय कळत न्हाई. माझ्या बापाच्या रगतात खोट हुती का न्हवती?’

‘नव्हती.’

‘मंग तेंना कुनी सांगितलं, हुती म्हनून?’

‘मी,’ मी म्हणालो. ‘माझं पाप होतं, ते मी त्यांच्या नावावर घातलं. त्यांना तेच खरं वाटलं. तुम्हाला बाधेल म्हणून ते त्या दिवशी पुढं आले नाहीत. भिऊन नाही.’

फोन बंद झाला की काय म्हणून मी कानावरून काढून बघितला. चालू होता.

‘बाबास्नी द्या,’ ती म्हणाली. मला शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घ्यायला तयार होतो. तिला माझ्याशी तेवढंही बोलायचं नव्हतं.

नाना फोन घेऊन उठले आणि आमच्याकडं पाठ करून बांधापर्यंत चालत गेले. वारं होतं, त्यामुळं तुटक तुटक ऐकू यायचं. व्हय. न्हाई, बरा हाय. व्हय. सर खाटेच्या कडेवर बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, जमिनीकडं बघत. मी उभाच होतो.

‘कवा येतीस?’ नानांनी विचारलं. रेंज गेली असावी, कारण थोडं थांबून, बांधावर चढून, त्यांनी तेच पुन्हा विचारलं.